वारसा संग्रहालयाला मदत करताना या चुका टाळा

घरातील जुनी वस्तू प्रादेशिक संग्रहालयाला द्यायचे ठरले की बहुतेक जण आधी ती घासूनपुसून लख्ख करतात, आणि नेमकी हीच चूक सर्वांत महागात पडते. पॉलिश करताना धातूचा वरचा थरच झिजतो आणि त्याबरोबर कोरीव अक्षरांची धार व वापराच्या खुणा कायमच्या जातात. फाटक्या पत्राला लावलेल्या चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर त्याहून घातक, कारण उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक कागदाला इजा न होता सुटणे फार अवघड असते. असे काही आधीच झाले असेल, तर ते काढण्याच्या भानगडीत न पडता काय केले आणि केव्हा केले, हे संग्रहालयाला स्पष्ट सांगावे.

दुसरी चूक वस्तूच्या माहितीची. वस्तू कोणी, कुठे आणि कशासाठी वापरली, हे सांगणारे माणूस गेले की उरते ती निव्वळ एक जुनी वस्तू; म्हणून दान देण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांकडून ही हकिकत लिहून घ्यावी, आणि माझ्या मते हे काम वस्तू पोहोचवण्याइतकेच मोलाचे आहे. छायाचित्रामागे बॉलपेनने लिहू नये, दाबाचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. मऊ पेन्सिलीने कडेला हलकेच लिहावे. मालकीबद्दल प्रश्न विचारले गेले तर तो अविश्वास समजू नये. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा १९७० चा करार झाला, आणि वस्तू कुठून आली याची खातरजमा करणे ही संग्रहालयाची जबाबदारीच आहे. भावंडांची संमतीही आधीच घेतलेली बरी.

'आमची वस्तू कायम प्रदर्शनात राहिली पाहिजे' अशी अट घालू नये. प्रकाशाने होणारी हानी साचत जाते आणि भरून येत नाही, म्हणूनच वस्त्रे व जलरंगातील चित्रे साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतक्या मंद उजेडात, तीही थोडे दिवस मांडून पुन्हा अंधारात ठेवतात. दानपत्रावर सही करण्यापूर्वी ते नीट वाचावे. पूर्वसूचना न देता खोकी दारात ठेवून जाणेही टाळावे, कारण एका लाकडी पेटीतील कीड साऱ्या भांडारात पसरू शकते.

पैशांची देणगी देणाऱ्यांना नव्या दालनावर नाव हवेसे वाटते, हे स्वाभाविक आहे. पण आम्लरहित, म्हणजे आतल्या वस्तूला अपाय न करणारी खोकी, कपाटे आणि आर्द्रता आटोक्यात ठेवण्याचा खर्च कोणाच्याच नावावर पडत नाही. शक्य असेल तर देणगी विनाअट द्यावी.

स्वयंसेवकांच्या हातून सर्वाधिक घोळ होतो तो नोंदणी क्रमांकाचा. साफसफाईच्या भरात क्रमांकाची चिठ्ठी वस्तूपासून वेगळी झाली की वस्तू आपल्या जागी असूनही हरवल्यासारखी होते, म्हणून एका वेळी एकच वस्तू हाताळावी आणि तिची जागा बदलल्यास लगेच नोंद करावी. सुती हातमोजे सर्वत्र योग्य असतात हाही गैरसमज आहे. त्यांनी बोटांची जाणीव बोथट होऊन नाजूक पाने फाटतात, तेथे धुऊन कोरडे केलेले हातच बरे, तर धातूच्या वस्तूंसाठी व छायाचित्रांसाठी नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे वापरावेत. आणि हातून काही फुटलेच, तर लपवू नये व घरच्या गोंदाने जोडू नये. अगदी बारीक तुकडेही क्रमांक लिहिलेल्या पाकिटात गोळा करून त्याच दिवशी अभिरक्षकांच्या, म्हणजे संग्रहाची देखभाल करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, स्वाधीन करावेत.