मोठं टेबल उपसायचंय? रात्रीच्या कॉपीतून काढा

मेनफ्रेमवर डीबी2 डेटाबेसचं मोठं टेबल फाइलीत उतरवायला सवयीनं डीएसएनटियाउल (डीबी2 सोबत येणारा नमुना प्रोग्राम, DSNTIAUL) चालवू नका; तो एसक्यूएलनं ओळी मागत बसतो. डीबी2 ची अनलोड युटिलिटी टेबलस्पेसची (टेबलाच्या ओळी जिथं साठतात त्या जागेची) पानं थेट वाचते, झपाट्यानं उरकते. कालचा डेटा चालणार असेल तर तिला फ्रॉमकॉपी हा पर्याय देऊन रात्रीच्या इमेज कॉपीतूनच (टेबलस्पेसच्या बॅकअपमधूनच) काढा, म्हणजे चालू टेबलाला धक्का नाही. फक्त ती कॉपी शेअरलेव्हल रेफरन्सनं (कॉपी होईतो कुणाला डेटा बदलू न देता) घेतलेली हवी. शेअरलेव्हल चेंजवालीत (कॉपी होताना बदल चालू असतात) कमिट न झालेल्या, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या ओळीही सापडू शकतात.

फाइल पीसीवर न्यायची असेल तर अनलोडच्या कंट्रोल कार्डात (तिला सूचना देणाऱ्या ओळींत) डिलिमिटेड (रकाने स्वल्पविरामानं वेगळे केलेला मजकूर) आणि युनिकोड लिहा, एफटीपी बायनरीत करा. नाहीतर पॅक्ड डेसिमल (एका बाइटात दोन अंक कोंबलेल्या) रकमा तशाच उतरतात आणि पीसीच्या आस्की अक्षरसंचात रूपांतर होताना त्यांचा पार चोथा होतो. माझी एक अख्खी दुपार त्यात गेली आहे.