जुना कॉम्प्युटर बदलताना बजेट किती धरायचं?

दुकानात जाऊन "तीस-पस्तीस हजारांत काय येईल?" असं विचारलं की त्या आकड्यात बसणारं मशीन मिळतं. ते तुमच्या दुकानाच्या किंवा ऑनलाइन सेवा केंद्राच्या कामाला पुरेल का, हे मात्र ठरायचंच राहतं. आकडा घरूनच काढून न्यावा, आणि सुरुवात जुन्या मशीनपासून करावी.

रोजचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स बघा. डिस्क सारखी 100 टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर मशीन मंद होण्याचं कारण बहुतेक तीच. टॅली, बिलं, ऑनलाइन फॉर्म एवढ्या कामाला 256 जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) पुरते. मेमरी सतत 85 टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा. आधी डीडीआर3 आहे की डीडीआर4 ते बघा, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही.

मग विंडोज. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आय5-8400 चालतो, आय5-7400 नाही. टीपीएम दिसला नाही म्हणून लगेच मशीन भंगारात काढू नका. बऱ्याचदा तो बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद असतो. इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधा. प्रोसेसरच जुना निघाला तर मात्र त्यावर पैसे घालू नका. गिऱ्हाइकांचे आधार आणि बँकेचे तपशील ज्या मशीनवर उघडतात, ते सुरक्षा अपडेटशिवाय चालवणं बरं नाही.

आता हिशेब महिन्यावर आणा. समजा, एसएसडी आणि रॅमला 4,500 रुपये लागले आणि मशीन अजून 18 महिने चाललं, तर महिना 250 पडला. 36,000 चं नवं मशीन पाच वर्षं चाललं तर महिना 600. रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकलेलं जुनं मशीन, 24,000 ला मिळालं आणि दोनच वर्षं टिकलं तर महिना 1,000, म्हणजे स्वस्त दिसलेलं तेच सगळ्यात महाग. जीएसटी नोंदणी असेल तर 36,000 च्या पक्क्या बिलातले सुमारे 5,490 रुपये इनपुट क्रेडिटमध्ये परत येतात. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्यांना, हे मिळत नाही.

नव्यात पैसा प्रोसेसरच्या मोठ्या आकड्यावर घालू नका. बिलिंगला अलीकडच्या पिढीचा आय3, एसएसडी, 8 जीबी रॅम आणि एक रिकामा स्लॉट एवढं पुरे. डीटीपी किंवा कोरलड्रॉचं काम असेल तर 16 जीबी घ्या.

ज्या खर्चाचा बजेट करताना विसर पडतो, तो विजेचा. आपल्याकडे मराठवाड्यात व्होल्टेज वरखाली होतं आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगची पकड सुटते. न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ते तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा, मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा. 600 व्हीएचा यूपीएस बजेटमध्येच धरा. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही लवकर जाते. लेसर प्रिंटर यूपीएसवर लावू नका; तापताना तो एकदम जास्त करंट ओढतो आणि यूपीएस बसतो.

ऑनसाईट वॉरंटी म्हणजे इंजिनिअर केजला किंवा मुखेडला येणार, की मशीन छत्रपती संभाजीनगरला पाठवावं लागणार, हे लेखी घ्या. तुमचं ऑनलाइन सेवा केंद्र असेल तर जुलैत पीक विम्याच्या गर्दीत आठ दिवस मशीन बंद राहिलं की वाचवलेले दोन-तीन हजार तिथेच गेले. म्हणून बदल मे महिन्याच्या आतच उरका.

जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एलपीटी पोर्टवर (प्रिंटरच्या जुन्या रुंद जोडणीवर) चालत असेल तर तो नव्या मदरबोर्डवर सहसा लागत नाही. प्रिंटरचा खर्चही धरा. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट वापरत असाल तर त्यांच्या फाइल्स जुन्या मशीनमधून काढून घ्या, नाहीतर जुन्या पत्रिका नव्या मशीनवर उघडल्या की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. आणि जुनी हार्ड डिस्क बदल्यात देऊ नका: एखादी फाइल राहिली असेल तर लागेल म्हणून यूएसबी केसमध्ये घालून दोन महिने जशीच्या तशी ठेवा.