बालवाडीचं अंगण करताय? आधी सावली बघा

सोलापुरात बालवाडी काढणारे बरेच जण पहिला पैसा पेव्हर ब्लॉक आणि रंगीत घसरगुंडीवर घालतात, मग मार्चपासनं ती घसरगुंडी एवढी तापते की पोरांना हात लावता येत नाही आणि सगळी आत फॅनखाली बसतात. म्हणून सावली आधी. कडुनिंब, करंज लावा, झाडं मोठी होईपर्यंत ग्रीन नेट ताणा, पत्र्याची घसरगुंडी असेल तर तिचं तोंड उत्तरेला करा आणि उन्हाळ्यात खेळ सकाळीच उरका.

आपली काळी माती पावसात पायाला गोळे होऊन चिकटते, त्यामुळं पळायच्या जागेवर मुरूम ठीक आहे, पण चढायच्या जागेखाली मुरूम नको आणि फरशी तर अजिबात नको, तिथं चाळलेली वाळू फूटभर तरी हवी. पोरांच्या पायानं ती बाजूला सरकते, सारखी ओढून घ्यावी लागते. रात्री ताडपत्री टाका, मांजरं घाण करतात.

आता भीतीचं. पोराला जे दिसतं आणि जोखता येतं, म्हणजे उंची, वेग, डुगडुगणारा ओंडका, ते राहू द्या. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना चार फुटांपर्यंत उंची पुरे. जे त्याला कळूच शकत नाही ते मात्र शोधून काढा: वर आलेला खिळा, उघडी पाण्याची टाकी, विटांखालचा विंचू (रोज सकाळी काठीनं विटा उलटून बघा), आणि कठड्याच्या गजांमधली फट. ही फट साडेतीन ते नऊ इंच असेल तर अंग पलीकडं जातं आणि डोकं अडकतं, टेप लावूनच मोजा.

ओंडक्यावर चढलेलं पोर नीट बघा, आधी पायानं चाचपतं, थांबतं, मग वजन टाकतं. तेवढ्यात आपण "पडशील!" म्हणून ओरडलो की त्याची नजर पायावरनं आपल्याकडं येते आणि तिथंच तोल जातो. त्यापेक्षा जवळ उभं राहून "आता पाय कुठं ठेवणार?" एवढंच विचारा. आणि स्वतःहून चढता येत नसेल तर उचलून वर ठेवू नका, उतरताही येणार नाही.

सामानाला खर्च नको. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 ला बोर्डीत (आताचा पालघर जिल्हा) बालवाडीचं काम सुरू केलं ते आसपासच्या वस्तू घेऊनच. जुने टायर, नारळाच्या करवंट्या, फळ्या, आणि तंबूला जुनी सोलापुरी चादर, ती ओढाओढीत सहज फाटत नाही. नळाला रोज पाणी नसतं, तर एकच बादली द्या आणि खेळून उरलेलं झाडाला घाला.

ॲडमिशनच्या वेळीच पालकांना अंगण फिरवून दाखवा, इथं गुडघे खरचटणार हे स्पष्ट सांगा, आणि खरचटलं की त्याच दिवशी कसं लागलं ते कळवा.