डिझायनर बॅग घेताय? मग चप्पल घेताना बघता तसं बघा की

परवा मावसबहिणीचा फोन आला, म्हणाली ताई बोनस झालाय, एक भारीतली बॅग घ्यायचीय, पण करणाऱ्याला लुबाडून केलेली नको, सांग कुठली घेऊ. कुठली ते मी काय सांगणार, पण बघायची कशी ते सांगते, आणि कोल्हापूरच्या माणसाला त्यात नवीन काहीच नाही खरं तर. पापाच्या तिकटीला चप्पल घेताना आपण काय करतो, उलटी करतो, वाकवतो, वास घेतो, वेणी बघतो, आणि वर दुकानदाराला विचारतोच की घरात केलीय का बाहेरनं आणलीय. तीच आपण माणसं मॉलमध्ये पंचवीस हजाराच्या बॅगेपुढं अशी गप्प होतो की बास.

पहिलं म्हंजे किमतीवर जाऊ नका. एवढी महाग आहे म्हंजे कारागिराला नीट पैसे मिळालेच असणार असं वाटतं ना? २०२४ ला मिलानच्या कोर्टात डिओर ह्या महागड्या ब्रँडच्या इटलीतल्या एका कंपनीचं प्रकरण निघालं, त्यात एक बॅग जोडून द्यायचे ठेकेदाराला ५३ युरो (चामडं वगैरे सोडून), आणि शोरूमला तीच बॅग २६०० युरोला. ठेकेदाराकडचे कामगार कारखान्यातच झोपायचे आणि काम पटापट व्हावं म्हणून मशीनचे सेफ्टी गार्डसुद्धा काढून ठेवलेले. कोर्टाने त्या कंपनीवर प्रशासक बसवला, २०२५ मध्ये ती देखरेख उठली. आरमानीच्या एका कंपनीचंही त्याच वर्षी तसंच झालं. आणि गंमत बघा, हे सगळं 'मेड इन इटली'च. त्यामुळं शिक्का कुठला आहे ह्यापेक्षा शिवलं कुणी हे विचारायचं.

विचारायचं कसं? इथं चप्पल लाइनीत दुकानदाराला विचारता येतं, ब्रँडला मेल करावा लागतो. बॅगेच्या टॅगवर बनवणाऱ्याचं नाहीतर आयात करणाऱ्याचं नाव, कुठल्या देशात केली ते, आणि कस्टमर केअरचा नंबर किंवा मेल असतो, आपण फक्त एमआरपी बघून टॅग फेकतो. त्या मेलवर सरळ विचारा, बॅग कुठल्या गावात, कुठल्या कारखान्यात शिवली, तुमची स्वतःची माणसं की ठेक्यावरची, चामडं कुठल्या टॅनरीचं (म्हंजे चामडं कमावतात तो कारखाना). 'आम्ही कारागिरांचा आदर करतो' एवढंच उत्तर आलं तर समजायचं काय ते. मोठा परदेशी ब्रँड असेल तर नेटवर त्याच्या नावापुढं 'मॉडर्न स्लेव्हरी स्टेटमेंट' टाकून शोधा, म्हंजे माल करताना कुणाला वेठीला धरून राबवलं जात नाही ना ह्याबद्दलचा कंपनीचा अहवाल, ब्रिटनमध्ये धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना २०१५ च्या कायद्याने ते दरवर्षी काढावं लागतं. सगळं वाचू नका, झोप येईल, फक्त एवढंच बघा की तपासणीत काय सापडलं आणि मग काय केलं ते लिहिलंय का. काहीच सापडलं नाही म्हणणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

सर्टिफिकेटांचं पण जरा समजून घ्या. लेदर वर्किंग ग्रुप नावाच्या संस्थेचं गोल्ड-सिल्व्हर असतं ते मुख्यतः टॅनरीचं पाणी, केमिकल वगैरेचं, बॅग शिवणाऱ्या बाईला पगार किती ते त्यात कळत नाही. कामगारांसाठी एसए ८००० नावाचं सर्टिफिकेट वेगळं. दुकानातली पोरं दोन्ही एकच म्हणून सांगतात.

आता चामडं. क्रोमने, म्हंजे क्रोमियमच्या केमिकलने कमावलेलं एखाद्या दिवसात तयार होतं, स्वस्त पडतं, पण सांडपाणी नीट साफ केलं नाही तर काय होतं ते कानपूरच्या जाजमऊला गंगेकाठी दिसतं. आपल्या चपलेचं चामडं बाभळीची साल, हिरडा घालून कमावतात, त्याला कित्येक आठवडे जातात, वास मातीसारखा-लाकडासारखा येतो आणि वापरून वापरून रंग गडद होत जातो. बॅगेतही असं मिळतं, व्हेज टॅन्ड म्हणून मागायचं. कापलेली कड बघा, आत तंतू दिसले तर बहुधा चामडं, कापडाचा थर दिसला तर रेक्झिन. मी एकदा 'जेन्युइन लेदर' लिहिलेली बॅग घेतली, दुसऱ्या पावसाळ्यात तिची सालटी निघाली, तेव्हापासून कड बघितल्याशिवाय हात लावत नाही.

व्हेगन लेदर म्हटलं की लगेच पुण्य लागत नाही हां. बहुतेक पीयू नाहीतर पीव्हीसी, म्हंजे प्लॅस्टिकच. अननसाच्या पानांपासून करतात त्यालाही वरून कोटिंग लागतंच. पण जनावराचं नकोच असेल तर मुंबईचं चमार स्टुडिओ बघा, रिसायकल केलेल्या रबराच्या बॅगा करतात आणि नावापासूनच कारागीर पुढं ठेवलाय.

आणि डिझाइन कुणाचं हेही बघायचं, हे आपल्याला तरी सांगायला नको. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला, तरी जून २०२५ ला प्राडा ब्रँडच्या मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलीच सँडल आली आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नाही, बोंबाबोंब झाल्यावर मग कबूल केलं. बॅगेवर कुठल्या गावची वीण, भरतकाम उचललं असेल तर त्या गावचं नाव सांगतायत का बघा.

मावसबहीण शेवटी माझ्याबरोबर कोल्हापुरातल्या सुभाषनगरला एका चामड्याच्या कारागिराकडे आली. फोटो दाखवला, माप दिलं, अर्धे पैसे ॲडव्हान्स दिले, घासाघीस करायला लागली तर मी चिमटा काढला. पट्ट्याला चपलेसारखीच वेणी घालायचं ठरलं, वेणी मालकीणबाई घालणार, त्याचे पैसे वेगळे धरलेत ते त्यांनी आपणहून सांगितलं. कधी मिळणार विचारलं तर म्हणाले, "ताई, पाऊस उघडू दे, असल्या हवेत चामडं वाळत नाही." आता रोज सकाळी मला तिचा मेसेज, आज ऊन पडलंय का गं तिकडं.