कुरळे केस ओले असतानाच घडतात

कुरळे केस कोरडे असताना विंचरायचे नाहीत. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. कोरड्या केसांत कंगवा फिरला की एकत्र वळलेली बट मोडते, तिच्यातला केस न् केस सुटा होतो आणि डोकं पिंजलेल्या कापसासारखं दिसायला लागतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं, जरा नीट विंचर की!" अकोल्याला शाळेत असताना आमच्याकडे रोज सकाळी हेच चालायचं. आई चापूनचोपून तेल लावून ओढून दोन वेण्या घालायची आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तिचा दोष नव्हता. तिचे केस सरळ, त्यामुळे तिला जे ठाऊक होतं ते ती मायेने करत होती.

आता मी डोंबिवलीत राहते. गेली अकरा वर्षं केस आहेत तसे कुरळेच ठेवलेत, आणि नात्यातल्या पाच-सहा मुलींना हे सगळं हाताला धरून शिकवलंय. शिकवताना एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं पाठ करावं लागत नाही. केसाचं मूळ वळण टाळूच्या आतल्या कूपाच्या आकारावरून ठरतं, त्यावर आपला इलाज नाही. पण केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. म्हणजेच वाळताना बटा ज्या आकारात असतील, बहुतांशी तोच आकार पुढच्या धुण्यापर्यंत टिकतो. सगळी मेहनत त्या तेवढ्या वेळात करायची असते. वाळल्यानंतर कितीही महागडं क्रीम चोपडलं तरी मोडलेली बट जुळत नाही.

धुण्याआधी आणि धुताना

तेल लावायचं ते धुण्याआधी तास-दोन तास. खोबरेलच घ्या. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली जी प्रथिनं निघून जातात ती वाचवतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात खनिज तेल आणि सूर्यफुलाच्या तेलाला हे जमलेलं दिसलं नाही.

शाम्पू फक्त टाळूला लावायचा, बोटांच्या पेरांनी. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. टाळूचं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरतं, वळणावळणाच्या केसावर ते वरच अडकतं. म्हणून आपली टाळू तेलकट आणि टोकं कोरडी असतात, आणि म्हणूनच टोकांना शाम्पू चोळणं म्हणजे आहे तेवढाही ओलावा घालवणं. सोडियम लॉरिल सल्फेट हा मळ काढणारा कडक घटक असलेला शाम्पू मी तरी दर वेळी वापरत नाही.

कंडिशनर मात्र सढळ हाताने, कानांच्या खालच्या केसांना. तो केसांत असतानाच गुंता सोडवायचा. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, खालून वर. ओला केस ताणला की लांबतो आणि प्रमाणाबाहेर ताणला की तुटतो, त्यामुळे मुळापासून खाली ओढायचं नाही.

तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल आणि बादलीला, नळाच्या तोटीला पांढरा थर धरत असेल, तर तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर केसांवरही बसतो. महिन्यातून एकदा ईडीटीए (हे क्षार धरून धुऊन काढणारा घटक) असलेला शाम्पू लावा. बेकिंग सोड्याने केस धुवायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सोडा अल्कधर्मी आहे, त्याने केसांवरचे खवले उघडतात आणि केस आणखी राठ होतात. लिंबू थेट पिळायचा सल्लाही ऐकू नका.

जवसाचं जेल

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी. मंद आचेवर ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार धरली की गॅस बंद करा आणि गरम असतानाच जुन्या पातळ ओढणीतून गाळा. गार झाल्यावर ते गाळलं जात नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, वास बदलला की टाकून द्यायचं. विकतचं जेल वापरलं तरी चालेल, पद्धत तीच.

इथे सगळ्यांचं चुकतं

तीन वर्षं माझं इथेच चुकत होतं. न्हाणीघरातून बाहेर यायचं, डोक्याला टर्किश टॉवेल गुंडाळायचा, चहा प्यायचा आणि मग अर्धवट वाळलेल्या केसांना जेल लावायचं. वरचे केस तारेसारखे उभे, आतले चिकट, आणि संध्याकाळपर्यंत सगळंच पिंजारलेलं. मला वाटायचं जेल बरोबर नाही. एकामागून एक बाटल्या आणल्या. माझे केसच वाईट आहेत असंही मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराने मी लग्नकार्यांत कायम घट्ट अंबाडा घालून वावरले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

एका रविवारी टॉवेल बाहेर गॅलरीत वाळत राहिला आणि घरात पाहुणे आलेले. मी आतच थांबून निथळत्या केसांना जेल लावलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बटा मला नीट, अख्ख्या दिसल्या. चूक जेलची कधीच नव्हती, पाण्याची होती.

तर जेल लावताना केसांतून पाणी टपकत असलं पाहिजे. ओलसर केस चालत नाहीत, निथळते हवेत. पाण्यामुळे केस एकमेकांना धरून बटांमध्ये राहतात आणि जेल त्या बटेला बाहेरून गवसणी घालतं. पाणी कमी झालं की आधी केस सुटे होतात, मग जेल प्रत्येक सुट्या केसावर वेगळं बसतं आणि तो सुटेपणाच कायम होतो.

मान पुढे झुकवा, केस समोर सोडा. जेल दोन्ही तळव्यांना पसरून एकेक भाग तळव्यांमध्ये धरा आणि मुळाकडून टोकाकडे सरकवत न्या. मग टोकं ओंजळीत घेऊन वर टाळूकडे दाबा आणि सोडा. पुन्हा दाबा, सोडा. पचपच असा आवाज आला पाहिजे. हा आवाज माझ्या मते कुठल्याही मापापेक्षा खात्रीचा. येत नसेल तर जेल वाढवू नका, ओंजळभर पाणी घ्या. मानेजवळचे आतले केस बहुतेक जणी विसरतात आणि पिंजारायला तिथूनच सुरुवात होते.

आता पाणी टिपायचं. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत केस अडकून बटा सुटतात. जुना मऊ पंचा किंवा सुती टी-शर्ट घ्या, खालून वर दाबा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, डोक्याला गुंडाळून ठेवायचंही नाही.

आणि इथून पुढे केसांना हात लावायचा नाही.

हे वाचायला सोपं आहे, पाळायला फार अवघड. अर्ध्या-पाऊण तासात केस पापडासारखे कडक होतात. बघून घाबरायला होतं, वाटतं आता असेच राहणार. माझी मामेबहीण याच टप्प्यावर रडवेली होऊन पुन्हा केस धुवायला निघाली होती, मी तिचा हात धरून थांबवलं. तो कडकपणा म्हणजे जेलचा थर. केस आत वाळत असताना बटेला आकारात धरून ठेवायचं काम तो करतो. अर्धवट वाळलेला असताना तो मोडलात, एखादी बट कानामागे सारलीत, नुसतं "वाळले का" म्हणून बोटं घातलीत, तरी तिथले केस फुलतात. त्यावर एकच उपाय, पुन्हा भिजवणे.

किती वेळ लागेल ते गावावर आहे. माझ्या केसांना मे महिन्यात अकोल्यात तासभर पुरतो, जुलैत डोंबिवलीत चार-पाच तासही लागतात. वरून वाळलेले दिसले तरी मानेजवळचे शेवटी वाळतात, म्हणून तुम्हाला वाटेल त्यापेक्षा अर्धा तास जास्त थांबा. ड्रायर वापरायचाच तर पसरट जाळीचं तोंड लावून, कमी उष्णतेवर, बट वाटीत धरून स्थिर ठेवा.

पूर्ण वाळल्याची खात्री झाली की तळव्यांना खोबरेलाचे दोन थेंब चोळा आणि केस खालून वर मुठीत दाबत जा. थर मोडल्याचा बारीक कुरकुर आवाज येतो आणि हाताखाली केस एकदम मऊ होतात. अकरा वर्षांनंतरही मला हा क्षण तितकाच आवडतो.

पुढचे दिवस

रात्री केस डोक्यावर सैल बांधा, उशीला सॅटिनचा किंवा जुन्या रेशमी साडीचा अभ्रा घाला. सकाळी जिथे बट मोडली असेल तिथेच पाणी मारा. पावसाळ्यात किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जेलच्या बाटलीवरची यादी वाचावी. ग्लिसरीन सुरुवातीलाच असेल तर ते दमट हवेतलं पाणी खेचून घेतं आणि केस फुगतात.

कापायला गेलात तर आधीच सांगा की वाळल्यावर केस आखडतात, मनात असेल त्यापेक्षा कमी कापा. पार्लरमध्ये स्मूदनिंगचा आग्रह झाला तर स्पष्ट नाही म्हणा. त्यातल्या काही रसायनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतो, तो डोळ्यांना आणि श्वासाला वाईट.

घरात कुरळ्या केसांची लहान मुलगी असेल आणि शाळेला दोन वेण्या लागतच असतील, तर सकाळी केसांवर पाणी मारून, हाताला थोडा कंडिशनर लावून बोटांनीच भांग पाडा आणि वेण्या सैल घाला. रोज ओढून बांधल्याने कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस विरळ होत जातात. रविवारी केस धुवून, जेल लावून तिला खुशाल खेळायला सोडा. फक्त वाळेपर्यंत कुणी कौतुकाने तिच्या केसांतून हात फिरवणार नाही, एवढं आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा.