बर्लिनमधला पहिला रविवार

बर्लिनमध्ये घर मिळालं की 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा, म्हणजे 'आनमेल्डुंग' करायचं, हे तुम्हाला सगळेच सांगतील. सोबत आणखी एक काम उरका: बेलवर आणि टपालपेटीवर आपलं आडनाव लावून घ्या. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो. नाव दिसलं नाही की पत्र परत जातं, आणि बँकेचं कार्ड, विम्याचे कागद अजून टपालानेच येतात.

रविवारी दुकानं बंद, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवा. अगदीच अडलं तर मुख्य स्टेशनातली दुकानं उघडी असतात. पण खरी सांभाळायची ती शांतता. रविवारी दिवसभर आणि एरवी रात्री 10 ते सकाळी 6 शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करायचा नाही, असा इथे कायदाच आहे. रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा रविवारी डब्यात टाकत नाहीत. फुटल्याचा आवाज अंगणभर घुमतो.

आम्ही नवीन होतो तेव्हा गणपतीची तसबीर लावायला रविवारी सकाळीच भिंतीत खिळा ठोकायला घेतला. चौथ्या घावाला खालच्या मजल्यावरच्या आजी दारात. रागावल्या नाहीत. "हॉयटे इस्ट झोनटाग," एवढंच म्हणाल्या. आज रविवार आहे. फार ओशाळायला झालं. सोमवारी संध्याकाळी बेसनाचे लाडू घेऊन गेलो. आठवड्याने डबा परत आला तो आलुबुखारच्या केकने भरून. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत त्यांच्याकडेही निघाली! तेव्हापासून आम्ही घरी नसताना आलेली पार्सलं त्याच घेऊन ठेवतात.

त्यांना आम्ही अजून 'झी'च म्हणतो. 'झी' आणि 'डू' म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. मोठ्या माणसाने आपणहून सांगितल्याशिवाय 'डू'वर येऊ नका. बऱ्याच ऑफिसांत मात्र पहिल्या दिवसापासून 'डू' चालतं. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी कधीच देऊ नका, इथे तो अपशकुन मानतात.

पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते; सुपरमार्केटच्या मशीनमध्ये बाटली टाकली की पावती मिळते. रस्त्यात प्यायलात आणि बाटली घरी न्यायची नसेल, तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, डब्याशेजारी उभी करून ठेवा. बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणारी माणसं इथे आहेत, त्यांत म्हातारी माणसंही दिसतात. त्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये.