केंब्रिजला येताय? पोर्टरला हमाल समजू नका, आणि खोलीचा करार वाचा

दर सप्टेंबरात फोन येतो. "ताई, आमच्या मुलाला केंब्रिज मिळालंय, जरा दोन शब्द सांगाल का?" मी दोन शब्दांत कधीच थांबत नाही, म्हणून हे एकदाचं लिहूनच काढते.

सगळा घोळ 'कॉलेज' या शब्दाने होतो. आपल्याकडे जिथे तास होतात ते कॉलेज. इथे लेक्चर, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. कॉलेज म्हणजे तुमचं बिऱ्हाड, खाणावळ, वाचनालय आणि पालक. अशी ३१ कॉलेजं आहेत. पदवीच्या मुलांच्या सुपरव्हिजन, म्हणजे दोघातिघांना समोर बसवून घेतलेली तासाभराची झडती, याही कॉलेजच लावून देतं. निबंध अर्धवट असला तरी जा. दांडी मारलेली मात्र कुणी विसरत नाही.

मराठी घरांत सेंट जॉन्स कॉलेजचं नाव विशेष निघतं, ते रँग्लर परांजप्यांमुळे. १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे इथल्या पदवी परीक्षेत, ते सीनियर रँग्लर झाले, म्हणजे पहिले आले, त्याच कॉलेजचे फेलो, म्हणजे कॉलेजच्या विद्वान मंडळींपैकी एक, झाले आणि मग पुण्याला परत जाऊन फर्ग्युसन सांभाळलं. गुणानुक्रमे नावं जाहीर करायची ती पद्धत १९०९नंतर बंद झाली, पण 'रँग्लर' ही पदवी आपण आडनावासारखी जपली. इथल्या मुलांना ते नाव सांगाल तर कोरे चेहरे दिसतील, वाईट वाटून घेऊ नका. मनमोहन सिंगही इथलेच. १९५७ साली अर्थशास्त्रात पहिला वर्ग.

कॉलेज स्थापन झालं १५११ साली. सातव्या हेन्रीची आई लेडी मार्गारेट बोफोर्ट हिची ती इच्छा. ती १५०९मध्येच गेली आणि तिच्या मागे बिशप जॉन फिशर यांनी खटपट करून कॉलेज उभं केलं. जागा एका जुन्या धर्मादाय रुग्णालयाची, सेंट जॉन हे नाव तिथलंच. मोठ्या दरवाज्यावर ढालीच्या दोन बाजूंना दोन विचित्र प्राणी दिसतील. त्यांना येल म्हणतात. डोकं बोकडाचं, अंग हरणाचं, शेपूट हत्तीची. पहिल्या दिवशी बॅगा ओढत आत शिरताना कुणी वर बघत नाही, तुम्ही बघा. नदीवरचा 'ब्रिज ऑफ साइज', म्हणजे उसाशांचा पूल, १८३१चा, त्यापलीकडच्या न्यू कोर्टला पोरं 'वेडिंग केक' म्हणतात. एवढ्या जुन्या कॉलेजात मुली पदवीला आल्या त्या १९८२पासून. हे ऐकून मी पहिल्यांदा गप्पच झाले होते.

मी स्वतः दुसऱ्या एका कॉलेजची, नाव महत्त्वाचं नाही. पण पोर्टर सगळीकडे सारखेच. आपल्या डोक्यात पोर्टर म्हणजे स्टेशनवरचा लाल सदरा. इथला पोर्टर दरवाज्यालगतच्या लॉजमध्ये बसतो. किल्ल्या, टपाल, रात्रीअपरात्री आजारी पडलेलं पोर, सगळं त्याच्याकडे. मी पहिल्या दिवशी त्यालाच बॅग उचलायला सांगितली. त्याने उचलली, एक शब्द न बोलता. पुढची तीन वर्षं मला त्याच्याकडे बघताना लाज वाटायची.

आता माझी महागात पडलेली चूक. खोलीचा करार वर्षाचा असेल हे मी धरूनच चालले होते. पदवीच्या मुलांचे करार बऱ्याचदा फक्त सत्राचे असतात. सत्रं तीन, मायकेलमस, लेंट आणि ईस्टर, प्रत्येक आठ आठवड्यांचं. पहिलं सत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतं, मग खोली रिकामी करून द्यायची, कपबशीसकट. माझं विमान होतं नऊ दिवसांनी. सुटीत राहायची परवानगी मागायचा फॉर्म लॉजमधल्या माझ्या टपालाच्या खणात ऑक्टोबरपासून पडून होता. जाहिरातींचे कागद समजून मी तो उघडलाच नव्हता. नऊ रात्रींचं भाडं गेलं, माझ्या दोन महिन्यांच्या जेवणाइतकं. जानेवारीत ट्यूटरला, म्हणजे कॉलेजात माझी काळजी वाहणाऱ्या प्राध्यापकांना, सांगितलं तर ते म्हणाले, "अरेरे, मला विचारायचं होतंत की." सही करायला त्यांना मिनिट लागलं असतं. म्हणून सांगते, करार वाचा, तारखांना खूण करा, खण रोज बघा आणि विमानाचं तिकीट त्यानंतर काढा. हे मी तीन वेळा सांगते, तरी दर डिसेंबरात कुणीतरी बॅगा घेऊन माझ्या दारात उभं असतंच.

ट्यूटर शिकवत नाही, हेही आपल्याला कळायला वेळ लागतो. अभ्यासाचं बघायला डायरेक्टर ऑफ स्टडीज असतो. ट्यूटर पैसे, तब्येत, घरची काळजी यांसाठी. आपली मुलं 'कशाला त्रास द्यायचा' म्हणून जात नाहीत आणि पाचव्या आठवड्यात कोसळतात. त्या आठवड्याच्या उदासीला इथे नावच आहे, 'वीक फाइव्ह ब्लूज'. आठवडा गुरुवारी सुरू होतो, हेही लक्षात ठेवा.

हिरवळीवर चालायचा मान फेलोंचा, तुमचा नाही. फॉर्मल हॉलला, म्हणजे कॉलेजातल्या थाटाच्या जेवणाला, गाऊन घाला, लॅटिन प्रार्थना संपेपर्यंत उभे राहा. जेवण बेताचं असतं. मे बॉल, म्हणजे रात्रभराचा नाचगाण्याचा सोहळा, जूनमध्ये होतो, का ते विचारू नका.

नाव वल्हवायला जरूर जा, पोहता येत असेल तर. सेंट जॉन्सचा लेडी मार्गारेट बोट क्लब १८२५चा. त्यांच्या भडक लाल कोटांवरून 'ब्लेझर' शब्द आला असं सांगतात. पहाटे सहाला थंडीत कुडकुडत जी मैत्री होते, ती आपल्या मंडळाच्या दिवाळीत होत नाही. मंडळात या, पण फक्त मंडळातच राहू नका. इथे वीस वर्षं राहून एकाही इंग्रजाच्या घरी न जेवलेले लोक तुम्हाला इंग्रज कसे थंड असतात ते सांगतील. "कधीतरी जेवायला या" याला आमंत्रण समजू नका, तारीख ठरली तरच खरं.

बँक, सिमकार्ड, डॉक्टरकडे नोंदणी ही कामं पहिल्या आठवड्यात उरका. व्हिसासोबत आरोग्य अधिभाराचे वर्षाला ७७६ पौंड भरलेत ना, मग नोंदणी करा.

आणि फोडणी. जिन्यावरच्या छोट्या स्वयंपाकघराला इथे 'जिप' म्हणतात. दार उघडं ठेवून मोहरी तडतडवलीत की धुराचा भोंगा वाजतो आणि रात्री अकराला अख्खा जिना पायजम्यात अंगणात उभा राहतो. माझ्यावर ती पाळी दोनदा आली. दुसऱ्या वेळी वरच्या मजल्यावरची मुलगी थंडीत काकडत म्हणाली, "निदान ते आहे काय, ते तरी चाखव." मग तिथेच, गॅलरीच्या पायरीवर, पातेल्यातून आमटी खाल्ली. तूरडाळ, कढीपत्ता इथल्या मिल रोडवरच्या दुकानांत मिळतो. गोडा मसाला मात्र घरचा आणा, दोन पिशव्यांत बांधून, नाहीतर गाऊनलाही वास लागतो.